त्यांच्यासमोर तो विषय काढू की नको?

"ताई, आठ महिन्यांपूर्वी माझे मिस्टर गाडी चालवत असताना रात्री महामार्गावर अपघात झाला. पुढच्या ट्रकने इशारा न देता लेन बदलली. शेजारी बसलेला त्यांचा जिवलग मित्र जागीच गेला, ह्यांचं हात मोडण्यावर निभावलं. हात बरा झाला, माणूस नाही. गाडीत पाऊल ठेवत नाहीत. हॉर्न वाजला की दचकतात, घाम फुटतो. कुठेही गेलो तरी दाराकडे तोंड करून बसतात. रात्री ओरडत उठतात, म्हणून आता वेगळ्या खोलीत झोपतात. मुलांवर खेकसतात आणि मग कितीतरी वेळ कुणाशी बोलत नाहीत. झोपेसाठी दिलेल्या गोळ्या अजून चालू आहेत, अलीकडे सोबत दारूही असते. चौकशीत चूक ट्रकवाल्याची ठरली, तरी 'मीच त्याला मारलं' हे एकच पालुपद. परवा म्हणाले, 'त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं.' मी सगळ्यांना ताकीद दिली आहे की ह्यांच्यासमोर अपघाताचं नाव काढायचं नाही. मित्राचे फोटो लपवले, बातम्या बंद केल्या, मुलांची ने-आण मीच करते. सासरे म्हणतात, वेळ जाऊ दे, पुरुषासारखा पुरुष आहे, सावरेल. मैत्रीण म्हणते, एकदा समोर बसवून सगळं बोलायला लाव, मन मोकळं होईल. कुठेतरी वाचलं की अशा धक्क्याने मेंदूच आकसतो. मग उपायच नाही का? मी त्यांना बोलतं करू की नको? आणि मुलं विचारतात, बाबांना काय झालंय? त्यांना काय सांगू?"

प्रिय ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांआधी, न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलते. "त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं" हे वाक्य ऐकून सोडून देऊ नका. आजच, दोघंच असताना, सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा द्यायचा, असा विचार केलाय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जाईल ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा उत्तर टाळलं गेलं, तर त्यांना एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या स्वतःच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा तातडीच्या विभागात घेऊन जा. उत्तर "नाही" आलं तरी गोळ्या आणि दारू एकत्र जातेय हे डॉक्टरांना लगेच कळवा. झोपेच्या बऱ्याच प्रकारच्या गोळ्या आणि दारू मिळून श्वास मंदावतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. गोळ्या मात्र तुमच्या मनाने एकदम बंद करू नका. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर त्रास उलटतो. त्या कमी कशा करायच्या हे डॉक्टर ठरवतील.

आता तुमच्या पत्राकडे वळते.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते एका आजाराच्या वर्णनाशी फार जुळतं. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, ओळखताना तज्ज्ञ चार गोष्टी पाहतात. घडलेलं नको असताना परत परत समोर येणं, मग ते स्वप्नात असो की जागेपणी. त्याची आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळणं. स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडणं, ज्यात अपराधी भावना आणि माणसांपासून तुटल्यासारखं वाटणंही येतं. आणि शरीर सतत सावध राहणं: दचकणं, चिडणं, झोप उडणं, दाराकडे तोंड करून बसणं. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं, तर निदानाचा विचार होतो. तुमच्या घरी आठ महिने झालेत.

सासऱ्यांना एक सांगा, मीही त्यांचा मान ठेवूनच लिहिते. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधडणारी छाती आणि उडालेली झोप याबद्दल जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी 1871 मध्येच लिहून ठेवलं होतं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतणाऱ्या, थरथर कापणाऱ्या, वाचा गेलेल्या माणसांसाठी 'शेल शॉक' हे नाव आलं. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांच्यापैकी 306 जणांना ब्रिटनने 2006 मध्ये मरणोत्तर माफी दिली. हॅरी फार हा त्यांपैकी एक. त्याच्यावर आधी शेल शॉकसाठी उपचार झाले होते, तरी 1916 मध्ये भित्रेपणाच्या आरोपावरून त्याला मारण्यात आलं. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं ते 1980 मध्ये. ज्यांच्या पौरुषाबद्दल कुणी शंका घेतली नसती अशा माणसांनाही हा त्रास होतोय, हे दिसण्याचा हा आजार ओळखला जाण्यात मोठा वाटा होता.

"वेळ जाऊ दे" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते फसवं आहे. मोठ्या आघातानंतर पहिले काही आठवडे ही लक्षणं बऱ्याच जणांना दिसतात. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांचा आठवड्यागणिक मागोवा घेणारा एक अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन आठवड्यांनी 94 टक्के जणींमध्ये लक्षणं होती, तीन महिन्यांनी ती 47 टक्क्यांवर आली. म्हणजे निम्म्या जणी आपल्या आपण सावरल्या. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली, असं दिसलं की पहिल्या वर्षात बरे होणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते, मग वेग मंदावतो, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोक कित्येक वर्षांनीही बरे झालेले नसतात. त्याच पाहणीत उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्यांची लक्षणं ओसरायला 36 महिने लागले, न घेतलेल्यांपैकी निम्म्यांची ओसरायला 64 महिने. आठ महिने वाट पाहून झाली, ताई. आता आणखी नुसती वाट पाहणं मला पटत नाही.

मग हा त्रास काहींनाच का होतो? जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांच्या आयुष्यात केव्हातरी असा जीवघेणा प्रसंग येतो, पण आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेले लोक 4 टक्क्यांच्या आसपासच आहेत. प्रसंग कोणता हे महत्त्वाचं असतं. बलात्कार, छळ, युद्ध यांनंतर धोका बराच जास्त. आनुवंशिकतेचाही थोडा वाटा आहे, आधीच्या आघातांचा आहे. पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ठळकपणे पुढे आलेल्या दोन गोष्टी घटनेनंतरच्या होत्या: माणसाला आधार मिळाला का, आणि त्यानंतर आयुष्यात आणखी किती ताण आले. म्हणजे जे घडलं ते आपल्या हातात नसलं, तरी त्यानंतरचं थोडंफार असतं.

आता मुख्य मुद्दा, आणि तो लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण तुम्ही जे केलंत ते प्रेमापोटी केलंत. फोटो लपवले, विषय बंद केला, बातम्या बंद केल्या, गाडीची सगळी कामं अंगावर घेतली. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण या आजाराचं खतपाणी नेमकं टाळण्यात आहे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि ताक फुंकून पिण्यात काही बिघडत नाही. इथे मात्र ताकाचं भांडंच घरातून हद्दपार होतं. आधी तो रस्ता, मग रात्रीचा प्रवास, मग गाडी, मग हॉर्नचा आवाज, मग मित्राचं नाव, मग ज्या माणसांच्या तोंडी ते नाव येईल अशी माणसं. प्रत्येक वेळी टाळलं की क्षणभर बरं वाटतं, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. गाडीत बसूनही काही झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. भीती कमी होते ती नव्या अनुभवाने. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी, सुरक्षित आठवण बसते. घरच्यांनी प्रेमाने केलेल्या अशा तडजोडींवर स्वतंत्र संशोधन झालंय. जिथे जोडीदार जास्त तडजोडी करतो, तिथे लक्षणंही जास्त आणि नात्यातलं समाधान कमी असं आढळतं. यात कोण कशामुळे, हे उलटसुलट असतं. त्रास जास्त म्हणून तडजोडीही जास्त. तेव्हा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण हे चक्र कुठून तरी तोडावं लागतं.

म्हणजे मैत्रीण म्हणते तसं समोर बसवून बोलतं करायचं का? नाही. इथे संशोधनाने फार उपयोगी धडा दिलाय. एके काळी अशी समजूत होती की आघात झाल्या झाल्या माणसाला एका बैठकीत सगळं सांगायला लावलं की पुढचा आजार टळतो. इंग्लंडमध्ये रस्ते अपघातातून रुग्णालयात आलेल्यांवर याची चाचणी झाली. काहींना अपघातानंतर लगेच अशी एक बैठक दिली, काहींना दिली नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर बैठक मिळालेल्यांची अवस्था जास्त वाईट होती. ज्यांना सुरुवातीला आठवणींचा त्रास फार होता, त्यांच्यापैकी बैठक न मिळालेले सावरले होते आणि मिळालेले तिथेच अडकले होते. 2000 साली हे प्रसिद्ध झालं. आज अशी एकदाच घेतलेली, सक्तीची बैठक देऊ नये असाच सल्ला दिला जातो.

मग बोलणं चांगलं की वाईट? बोलणं कुणापुढे, किती वेळा आणि कोणत्या रीतीने, यावर ते अवलंबून आहे. एकदाच खपली काढून सोडून दिली तर भीती चढते आणि चढलेलीच राहते. जे उपचार खरोखर लागू पडतात त्यांत आठवणीकडे पुन्हा पुन्हा जाणं असतं, तेही ठरवून, परवानगीने, आणि भीती उतरेपर्यंत सोबत करणारं माणूस समोर असताना.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते, कारण नुसतं 'थेरपी' म्हटलं की लोकांना वाटतं कोचावर झोपवून बालपण विचारतील. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत साधारण 8 ते 15 बैठका असतात, बहुधा आठवड्याला एक, दीड तासापर्यंतची. सुरुवातीला एक यादी करतात. टाळलेल्या प्रत्येक गोष्टीला रुग्ण स्वतः 0 ते 100 मधला आकडा देतो. समजा, बंद गाडीत, इंजिन न लावता पाच मिनिटं बसणं: 30. रस्त्याकडेला उभं राहून हॉर्न ऐकणं: 40. दिवसा, रिकाम्या रस्त्यावर शेजारच्या सीटवर बसणं: 60. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या आईला भेटणं: कदाचित 90. तोच महामार्ग, रात्री: 100. सुरुवात खालून होते. 30 ची गोष्ट रोज करायची, भीती निवेपर्यंत थांबायचं, मग पुढची. बैठकीत डोळे मिटून ती रात्र सांगायची, आत्ता घडतेय अशी, "मी चालवतोय, तो गाणं बदलतोय, ट्रक डावीकडे आहे". ते रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. पहिल्या खेपेला रडू येतं, अंग थरथरतं. नंतर नंतर गोष्ट तीच राहते, पण ती घडून गेलेली गोष्ट होते. पुष्कळांना या सांगण्यातच विसरलेले तपशील सापडतात.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत मला भीतीइतकीच अपराधी भावना दिसते. तिच्यासाठी पॅट्रिशिया रेसिक यांची 12 बैठकांची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यात घटना सविस्तर सांगावीच लागते असं नाही. घटनेने माझ्या विचारांत काय अडकवून ठेवलं, त्यावर काम होतं. "मीच त्याला मारलं" हे असं अडकलेलं वाक्य. तुम्ही आठ महिने म्हणताय, "अहो, तुमची चूक नव्हती." ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण ते तुमच्या प्रेमातून आलंय असं त्यांना वाटतं, सत्यातून नाही. थेरपिस्ट तसं म्हणत नाही. तो विचारतो: ट्रक वळेल हे तुम्हाला केव्हा कळलं? त्याआधी कळण्याजोगं काय होतं? तुमच्या मनात त्याला इजा करायची होती का? इजा करायचा हेतू असणं, बेफिकिरी असणं आणि अंदाज येणं शक्यच नसणं, हे तिन्ही एकच आहेत का? आज माहीत असलेली गोष्ट त्या क्षणी माहीत असायला हवी होती, असा हट्ट आपलं मन धरतं. प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिता लिहिता माणूस तो हट्ट स्वतः पाहतो. शेवटी दुःख उरतंच, मित्र गेलाय ना. पण दुःख करता येतं. गुन्हेगार असल्याच्या खात्रीपुढे दुःखालाही जागा मिळत नाही.

तिसरी पद्धत ईएमडीआर, फ्रान्सीन शपिरो यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी मांडलेली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहायचं असतं. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात नेमका किती वाटा, यावर तज्ज्ञांत वाद आहे, गुण येतो यावर फारसा नाही. तुमच्या भागात यांपैकी जिचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस मिळेल ती घ्या. पहिल्याच भेटीत विचारा: "तुम्ही आघातावर कोणती पद्धत वापरता? ती किती बैठकांची असते?" नुसतं "बोलू या, बघू या" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. हा उद्धटपणा होत नाही.

गुण किती येतो? 26 अभ्यास एकत्र करून 2005 मध्ये आलेल्या एका आढाव्यात, उपचार पूर्ण केलेल्यांपैकी 67 टक्के लोक निदानाच्या निकषांबाहेर आले होते. सुरू केलेले सगळे धरले तर 56 टक्के. खोटी आशा मी देणार नाही, हे शंभर टक्के नाही. मध्येच सोडून देणारेही असतात, विशेषतः सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो तेव्हा. तुमची खरी गरज तेव्हाच पडेल.

औषधांचं थोडक्यात. सरट्रलीन आणि पॅरॉक्सेटीन यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी मान्यता दिलेली आहे, व्हेन्लाफॅक्सिनही वापरतात. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. थेरपी मिळत नसेल, किंवा नैराश्य इतकं असेल की माणूस थेरपीला उभाच राहू शकत नाही, तेव्हा औषधांचा चांगला आधार होतो. बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या मात्र पीटीएसडीसाठी देऊ नयेत असं आज बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. मिस्टरांच्या गोळ्या त्या गटातल्या आहेत का, हे डॉक्टरांना विचाराच.

मेंदू आकसण्याबद्दल. हिप्पोकॅम्पस हा आठवणींना जागा आणि काळ जोडून देणारा भाग पीटीएसडी असलेल्यांमध्ये सरासरीने लहान आढळतो, हे खरं. पण 2002 मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी जुळ्या भावांवर एक सुरेख अभ्यास केला: एक भाऊ व्हिएतनाम युद्धात लढलेला, दुसरा युद्धाला गेलाच नव्हता. लढलेल्या भावाला तीव्र पीटीएसडी असेल तर घरी राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस तितकाच लहान निघाला. म्हणजे निदान त्या गटात तरी ही ठेवण आघाताआधीची असावी, आघाताने झालेला नाश नव्हे. आणि उपचार लागू पडतात ते याच मेंदूंवर. त्या वाचलेल्या ओळीपायी धीर सोडू नका.

तर तुम्ही काय करायचं? त्यांची थेरपिस्ट व्हायचं नाही, आणि पहारेकरीही राहायचं नाही. विषय तुम्ही काढा, पण अपघाताचा नाही, आजाराचा. शांत वेळ बघून म्हणा, "तुम्ही झोपत नाही, हे मला दिसतं. याला नाव आहे आणि यावर इलाज आहे. आपण दोघं एकदा जाऊन भेटू. पटलं नाही तर परत बोलू." "वेडे झालात का" असा सूर येऊ देऊ नका आणि "मुलांसाठी तरी" ही शपथही घालू नका, अपराधी भावना आधीच ओसंडतेय. नाही म्हणाले तर आठवड्याने पुन्हा. त्यांनी आपणहून मित्राचं काही काढलं तर विषय बदलू नका, ऐका. तडजोडी मात्र एका रात्रीत काढून घेऊ नका. त्या कोणत्या क्रमाने सोडायच्या हे थेरपिस्टबरोबर ठरवा, त्या 0 ते 100 च्या यादीप्रमाणे. जोडप्यांनी मिळून घ्यायचा 15 बैठकांचा उपचारही आहे, कँडिस मॉन्सन यांचा. 2012 मधल्या चाचणीत त्याने लक्षणंही कमी झाली आणि नातंही सुधारलं. तसं कुणी उपलब्ध असेल तर तुमच्यासाठी तो मी आधी सुचवेन.

तुमच्या स्वतःबद्दल पत्रात एकही ओळ नाही. तुमची झोप कशी आहे? हे ओझं कुणाला तरी सांगा, हक्काने.

आणि मुलं. त्यांच्यापासून लपवलं तर ती स्वतःच अर्थ लावतात, आणि बहुधा "माझ्यामुळे बाबा चिडतात" असाच लावतात. म्हणून सांगा: "अपघातात बाबांना खूप भीती वाटली होती आणि काका गेल्याचं त्यांना फार दुःख आहे. ती भीती अजून गेली नाही, म्हणून ते दचकतात, चिडतात. यात तुमची काही चूक नाही. हा आजार आहे, आपण डॉक्टरांची मदत घेतोय. बाबांना बरं करायचं काम तुमचं नाही." तपशील विचारले तर झेपेल तेवढं खरं सांगा, खोटं सांगू नका. शक्य असेल तर आधी मिस्टरांना विचारून, त्यांच्या समोरच सांगा. एखादं वाक्य त्यांना स्वतःला म्हणावंसं वाटलं तर म्हणू द्या.